अनेक भाषा सहज बोलणारं माणूस तुम्ही जवळून पाहिलंय का? ही देणगी जन्मजात असते का?

हो, पाहिलंय, अगदी शाळेपासून पाहिलंय. माझा जिवलग मित्र, सोलापूरचा, मागच्या पावसाळ्यात गेला, किडनीचा आजार होता. नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना ते आवडणार नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी आणि आमच्याकडची दख्खनी या भाषा तो अशा बोलायचा की समोरच्याला हा आपल्यातलाच कुणीतरी वाटायचा. बंगाली बऱ्यापैकी आणि शेवटी शेवटी मल्याळम. इंग्रजी कामापुरती, तिच्यात त्याला कधी गोडी लागली नाही.

लोक असं काही ऐकलं की लगेच विनोबांचं नाव काढतात, कुराण वाचायला अरबी शिकले वगैरे, किंवा नरसिंह रावांचं, ज्यांनी ह. ना. आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेली. ती मोठी माणसं आहेतच, नरसिंह रावांचं कौतुक तर सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातले म्हातारे लोक फार जिव्हाळ्याने करतात. पण तुम्ही जवळून पाहिलेल्या माणसाबद्दल विचारलंय, म्हणून मी त्याच्याबद्दलच सांगतो, आणि जन्मजात असते का यावर माझं मत ठाम आहे तेही सांगतो.

आधी सोलापूर म्हणजे काय ते सांगायला पाहिजे नाहीतर काहीच कळणार नाही. पुण्या-मुंबईच्या लोकांना सोलापूर म्हटलं की चादर, शेंगा चटणी आणि कडक भाकरी एवढंच आठवतं. पण गावात पूर्व भाग म्हणून मोठा भाग आहे, अशोक चौक, जोडबसवण्णा चौक, दत्त नगर त्या बाजूला, तिथे पद्मशाली लोक पिढ्यानपिढ्या राहतात, तेलंगणातून मागावर काम करायला आलेली घराणी, घरात तेलुगू. गावातल्या जुन्या पेठांमधे लिंगायत घरं, घरात कन्नड. विजापूर वेशीकडे गेलात की दख्खनी ऐकू येणार, आणि बाजारात, शाळेत, ऑफिसात मराठी. महापालिकेच्या शाळासुद्धा मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या. म्हणजे चार भाषा आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या दारात होत्या. ऐकून ऐकून सगळ्यांनाच थोडं थोडं कळायचं, शिव्या तर सगळ्यांना चारही भाषांत यायच्या. पण दारात असलेल्या भाषेच्या घरात जाऊन बसला तो एकटा. म्हणूनच मला 'देणगी' हे फार घाईने म्हणतात असं वाटतं.

त्याचे वडील मिलमधे होते. मिल बंद पडल्यावर ते पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात लागले आणि हा शाळा सुटल्यावर वडिलांचा डबा घेऊन तिकडे जायचा. डबा देऊन परत यायचं तर तो तिथेच रमायचा. शेजारच्या घरांमधे बायका सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळत बसलेल्या असायच्या, संध्याकाळी विड्यांचं माप द्यायला विडी कारखान्याच्या ब्रँचला जायची त्यांची घाई असायची, आणि हात चालू असताना तोंडाने अखंड तेलुगू. हा त्यांच्या पोरांबरोबर विटी-दांडू खेळायचा. विटी-दांडूत आपण मोजतो ना, वकट, लेंड, मुंड, नाल? मराठी पोरांना ते खेळातले अर्थ नसलेले शब्द वाटतात. याला तिथे कळलं की ती पोरं घरी पैसे मोजतानासुद्धा ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु असंच म्हणतात. त्या दिवशी घरी येऊन तो सगळ्यांना सांगत सुटला होता की आपण कधीपासून तेलुगूत मोजतोय आणि आपल्याला माहीतच नाही. मग कन्नडचे आकडे, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ते शेजारी ठेवून बघितले, आणि या दोन भाषा बहिणी आहेत हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवायच्या आधी त्याने स्वतःचं स्वतः शोधून काढलं होतं. मागाला कन्नडात मग्ग, तेलुगूत मग्गम, मराठीत माग, हेही तिथलंच.

तेलुगू शिकताना त्याला सगळ्यात जास्त अडलं ते बायकांबद्दल बोलताना. मराठीत आला, आली, आलं असे तीन प्रकार, कन्नडातही तीन, तमिळमधेही तीन. पण तेलुगूत एकवचनात पुरुषाला वच्चाडु, आणि बाईला आणि वस्तूला मात्र एकच, वच्चिंदि. म्हणजे बस आली तरी वच्चिंदि आणि मुलगी आली तरी वच्चिंदि. हा एकदा मित्राच्या आजीबद्दल तसं बोलला, पोरं हसली, आजी मात्र हसली नाही, तिने त्याला समोर बसवून सांगितलं की मोठ्या बाईला वच्चारु म्हणायचं. ती आजी त्याची तेलुगूची खरी शिक्षिका. उलट एक गोष्ट मराठी माणसाला तेलुगूत फुकट मिळते ती म्हणजे आम्ही आणि आपण यातला फरक, हिंदीत सगळंच हम, तेलुगूत मात्र मेमु आणि मनमु असे दोन वेगळे. आणि चाकातला च आणि चहातला च वेगळा काढायची आपल्या जिभेला सवय असते, तेलुगूतही तसे दोन च आहेत. या गोष्टी तो अशा उत्साहाने सांगायचा की ऐकणाऱ्याला भाषेत रस नसला तरी तो थांबून ऐकायचा.

लिपी तो एसटी स्टँडवर शिकला. तिथे कर्नाटकच्या गाड्या लागतात, हैदराबादच्या गाड्या लागतात, गाव कुठलं ते ड्रायव्हर-कंडक्टर ओरडून सांगतातच, मग पाटीवर बघायचं आणि अक्षर ओळखायचं. कन्नड आणि तेलुगू लिप्या इतक्या सारख्या की एक आली की दुसरी निम्मी आलीच, तेलुगू अक्षराच्या डोक्यावर मास्तर पेपर तपासताना बरोबरची खूण करतात तशी खूण असते, कन्नडात तिच्या जागी आडवी रेघ, एवढं त्याने मला समजावलेलं अजून लक्षात आहे.

कन्नड वाचायची गोडी मात्र त्याला सिद्धेश्वर यात्रेने लावली. संक्रांतीच्या यात्रेत अक्षता सोहळा होतो, तळ्याच्या काठी संमती कट्ट्यापाशी, सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, येतात, पांढरी बाराबंदी घातलेले हजारो लोक, आणि सगळा जमाव एका आवाजात सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम म्हणत अक्षता टाकतो. आम्ही दरवर्षी जायचो, टाकायचो, ओरडायचो. त्याला मात्र तिथे वाचतात ते काय आहे हे समजून घ्यायचंच होतं. मग गल्लीतल्या एका लिंगायत आज्जांकडे जाऊन बसायला लागला, आणि त्यांनी त्याला सिद्धरामेश्वरांची वचनं वाचायला शिकवली. बाराव्या शतकातला माणूस, ज्याने आमच्या गावात तळं बांधलं, त्याचं बोलणं आपल्याला थेट वाचता येतंय यात त्याला केवढा आनंद होता. वचनं छोटी असतात, चार-पाच ओळींची, शिकणाऱ्याला घाबरवत नाहीत, त्यामुळे कन्नड वाचायला शिकणाऱ्याला तो नेहमी वचनांपासून सुरू कर म्हणायचा. मला हा सल्ला अतिशय योग्य वाटतो. बालवाडीची पुस्तकं मोठ्या माणसाला कंटाळा आणतात.

तुम्ही पद्धत विचारली नाहीये पण जन्मजातपणाचं उत्तर पद्धतीतच आहे म्हणून लिहितो. रेडिओ. सोलापुरात मिडियम वेव्हवर गुलबर्गा लागायचं, रात्री हैदराबादही लागायचं. तो आधी मराठी बातम्या ऐकायचा आणि मग त्याच दिवसाच्या कन्नड बातम्या, कारण बातमी तीच असते, पंतप्रधान तेच, पूर तोच, क्रिकेटचा स्कोअर तोच, अर्थ आधीच माहीत असतो त्यामुळे कान फक्त वाक्य कसं बांधलंय तिकडे राहतो. हे त्याने वर्षानुवर्षं केलं, दहावीच्या वर्षातसुद्धा, आईची बोलणी खात. दुसरं म्हणजे तो नामं पाठ करायचा नाही. वस्तू बोटाने दाखवता येते म्हणायचा, पण काल, उद्या, होईल, झालं असतं, देऊ नको, हे बोटाने कसं दाखवणार, म्हणून आधी क्रियापदं. तिसरं, एका भाषेसाठी एक माणूस धरायचा आणि त्या माणसाच्या कामात हात लावायचा, कांड्या भरून दे, पानं भिजवून दे, दुकानाचा माल उतरवून दे. हात कामात असला की बोलणं आपोआप होतं. आणि चुका दुरुस्त करायला लहान मुलं. मोठी माणसं कळलं की सोडून देतात, मुलं सोडत नाहीत.

आता सांगा, यातलं जन्मजात काय? कान चांगला होता, मान्य. नक्कलही चांगली करायचा. पण चांगला कान असलेली आमच्या वर्गात आणखी पोरं होती, एक तर उत्तम गायचा, त्याला आजही मराठी-हिंदीपलीकडे काही येत नाही. मला वाटतं कान हा फार तर सुरुवातीचा थोडासा भाग, बाकी सगळं त्या माणसाला लोकांबद्दल किती उत्सुकता आहे आणि चुकीचं बोलून हसू करून घ्यायची किती तयारी आहे यावर. त्याला कुणी दैवी देणगी वगैरे म्हटलं की तो गप्प व्हायचा, आवडायचं नाही त्याला. ज्या आजीने, ज्या आज्जांनी वेळ दिला त्यांचं श्रेय जातं असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खरंच आहे.

किती भाषा येतात असं विचारलं तर तो कधी आकडा सांगायचा नाही. कशासाठी ते सांग, म्हणायचा. भांडायला, हिशोबाला, सांत्वनाला, पेपर वाचायला? कन्नडात हे सगळं येत होतं. तेलुगू बोलण्यात पक्का पण पेपर हळू वाचायचा. बंगाली सराफ बाजारातल्या कारागीर पोरांकडून उचललेली, त्यामुळे बंगालीत त्याला दागिने, पैसे, जेवण आणि घरची आठवण एवढंच बोलता यायचं. घरची आठवण का, तर ती पोरं दुसरं काय बोलणार, इतक्या लांब येऊन एका खोलीत दहा-दहा जण राहतात. दख्खनीचं त्याला विशेष प्रेम. नको आपला, जोर देणारा च आपला, मैंच बोल्या, मेरेकू नको, असं ऐकलं की तो म्हणायचा बघ, ही लोकं आपल्या भाषेतलं किती जपून वापरतात आणि आपण त्या बोलीला अशुद्ध हिंदी म्हणतो. सीमाप्रश्न पेटला की गाड्या बंद व्हायच्या, पाट्यांना काळं फासायचे, त्या दिवसांत तो फार अस्वस्थ असायचा. राजकारणावर बोलायचा नाही, पण तिकडून येणाऱ्या पेशंटचं काय होणार हा त्याचा पहिला प्रश्न.

कारण नोकरी. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून तो एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमधे लागला, रक्त काढायचं काम. सोलापुरात इंडी, आळंद, अफजलपूर, अक्कलकोट, पार बीदरपासून पेशंट येतात. डॉक्टर बरेचदा बाहेरचे, शिकायला आलेले, त्यांना कन्नड येत नाही, आणि म्हाताऱ्या बाईला कन्नडशिवाय काही येत नाही. सोबतचा नातू औषधं आणायला खाली गेलेला. अशा वेळी वॉर्डातून लॅबला फोन यायचा, त्याला पाठवा. उपाशीपोटी शुगर तपासायची असते तेव्हा पेशंट छातीठोकपणे सांगतो काही खाल्लं नाही, आणि खरंच खाल्लेलं नसतं, पण साखर घातलेला चहा झालेला असतो, कारण चहा म्हणजे खाणं नव्हे. तो प्रत्येकाला त्याच्या भाषेत आधी चहाचं विचारायचा, चहा कुडिदिरेनु, मग सुई काढायचा. त्याच्या हातचे शुगरचे रिपोर्ट सहसा परत करावे लागायचे नाहीत. छातीत दुखतंय की जळजळतंय, हा फरक त्या म्हातारीला तिच्या बोलीत सांगता आला आणि ऐकणाऱ्याला कळला, तर पुढची तपासणी बदलते. हे काम त्याच्या पगारात नव्हतं, कुठल्या कागदावरही नव्हतं. कन्नड आज्ज्या त्याला तम्मा म्हणायच्या, तेलुगू तम्मुडु, दोन्हीचा अर्थ धाकटा भाऊ, आणि त्या आज्ज्या सत्तरीच्या, हा पंचविशीचा.

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, त्यांचं घर. तिथे तो बाहेरगावच्या प्रत्येक पाहुण्याला घेऊन जायचा. कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, बाकीचे परतले, ते राहिले, तिथे काम केलेल्या कॅनडाच्या डॉ. बेथून यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. हे सगळं शाळेत शिकवतात. पण याचं बोट कायम एकाच गोष्टीवर, की ते चिनी बोलायला-लिहायला शिकले, जखमी सैनिकांशी त्यांच्या भाषेत बोलायचे, त्यांच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या भाषेत शिकवायचे. एवढी ऑपरेशनं, एवढी पायपीट, औषधं नाहीत, आणि त्यात हा माणूस चिनी लिपी गिरवत बसतो, का तर पेशंटशी बोलायला. त्याच्या दृष्टीने कोटणीस सोलापूरचेच असणं साहजिक होतं.

नंतर त्याच्याच किडन्या गेल्या. डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास एका खुर्चीत. तिथल्या सिस्टर केरळच्या होत्या. तुम्ही ओळखलं असेल. मल्याळम तो तिथे शिकला, एका हातात सुया आणि दुसऱ्या हातात फोन, सिस्टरांना विचारून विचारून. त्याला एक गोष्ट इतकी आवडली होती की मला तिथूनच फोन केला, की अरे मल्याळममधे क्रियापद बदलतच नाही, मी गेलो, तू गेलास, ती गेली, ते गेले, सगळ्यांना एकच पोयि, केवढी सोय आहे, आपण उगाच पोरांना शाळेत छळतो. आवाज दमलेला होता पण ऐकताना वाटायचं शाळेतलाच पोरगा बोलतोय. सिस्टरांच्या घरी व्हिडिओ कॉल लागला की तोही दोन वाक्यं बोलायचा, त्यांच्या आया खूश. आजारी माणसाला वेळ जाईना म्हणून हा काहीतरी छंद, असं कुणी म्हणेल. मला तसं नाही वाटत. त्या सिस्टर बारा-बारा तास परक्या भाषेत काम करत होत्या आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं तिथे कुणी नव्हतं, हे त्याला दिसत होतं, सुया टोचलेल्या अवस्थेतही दिसत होतं.

त्याचं एक काम मात्र अर्धं राहिलंय. पूर्व भागातली नवी पिढी घरात मराठीच बोलायला लागलीय, आणि सोलापूरची तेलुगू ही हैदराबादची तेलुगू नव्हे, तिच्यात मराठी मिसळलेलं, मागावरचे जुने शब्द तसेच राहिलेले, खड्ड्याच्या मागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या हातमागावर, काम केलेली माणसं आता ऐंशीच्या पुढची. तो त्यांना गाठून फोनवर रेकॉर्ड करायचा, धोटा, ताणा, कांडी, खळ याला तुम्ही काय म्हणता, लग्नात काय गाता, दुष्काळात काय खाल्लं. शेवटच्या वर्षातही डायलिसिस नसलेल्या दिवशी रिक्षा करून जायचा, बायको रागवायची, मग तीही सोबत जायला लागली. ती सगळी रेकॉर्डिंग्ज तिने मला दिली आहेत. मला तेलुगू कळते पण लिहिता येत नाही, म्हणून दत्त नगरची एक कॉलेजची मुलगी आजीला शेजारी बसवून ऐकते आणि लिहून काढते, जिथे मुलीला कळत नाही तिथे आजी सांगते, आणि मी शेजारी मराठी लिहितो. लग्नातली गाणी झाली आहेत. मागावरचं बरंच बाकी आहे, कारण काही शब्द त्या आजीलाही माहीत नाहीत, तिने विड्या वळल्या, मागावर पुरुष बसायचे. सोलापुरात किंवा भिवंडी-इचलकरंजीकडे ज्यांच्या घरी खड्डा माग चालवलेले आजोबा अजून आहेत आणि घरात तेलुगू बोलतात, त्यांनी मला जरूर कळवा. आजोबांना फोनवर ऐकवून विचारलं तरी चालेल, मी रविवारी मोकळा असतो.